होणाऱ्या जावयाचा गंज

आणि वर मलाच म्हणतात, हात लावू नका... अहो, चौतीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये लोखंड घासण्यात काढलेल्या माणसाला हात लावू नका म्हणजे काय, आचाऱ्याला वास घेऊ नका म्हणण्यातला प्रकार झाला. तुम्हाला सांगतो, त्या शिल्पांच्या बागेत पाऊल ठेवल्यापासून मी हेच ऐकतोय. फाटकावर पाटी, "हात लावू नये." आत वॉचमन, "काका, हात लावू नका." आणि शेजारी माझी बायको पद्मजा, तिला तर पाटीचीही गरज नाही, शनिवार पेठेतून रिक्षात बसल्यापासून तिचं चालूच होतं.

तर झालं काय, आमची कादंबरी, एकुलती एक मुलगी, हिंजवडीत चांगल्या कंपनीत, तिने लग्न ठरवलं ते शिल्पकाराशी. आमोद त्याचं नाव. मुलगा गुणी आहे, नाही म्हणत नाही. लोणी काळभोरला शेड घेतलीय, तिथे दिवसभर लोखंड वाकवत बसतो. पहिल्याच भेटीत मी त्याला सहज विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण काम काय करता?" आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. पण तो दिवस आणि आजचा दिवस, मुलगा आमच्याकडे चहालासुद्धा फिरकला नाही. शेवटी कादंबरीने मला समोर बसवून घेतलं. "बाबा, रविवारी त्याच्या शिल्पाचं उद्घाटन आहे. तुम्ही यायचं आणि त्याच्याशी चांगलं वागायचं. या वेळी त्याचा अपमान झाला ना, तर साखरपुड्याला मी तुम्हाला बोलावणारच नाही." एकुलती एक मुलगी हो... दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

अकराचं आमंत्रण, म्हणजे आम्ही पावणेदहाला हजर. हिंजवडीच्याही पलीकडे, माळावर. आत गेलो तर सिमेंटचे सात पाइप एकमेकांवर रचलेले. मी म्हटलं, ड्रेनेजचं काम अर्धवट राहिलेलं दिसतंय. पद्मजा म्हणाली, "पाटी वाचा." पाटीवर नाव, 'संवाद'. बरं, असेल. पुढे दोन मजली उंच खुर्ची, तिला बसायची जागाच नाही. मी नुसता पाय किती जाडीचा आहे ते चाचपायला गेलो, तर लांबून वॉचमन, "काका, हात लावू नका."

आणि मग आमोदचं शिल्प आलं. दहा फुटी जाड लोखंडी पट्टी, खालून पिळत पिळत वर गेलेली, आणि टोकाला अशी मान वळवून मागे बघतेय. नाव 'माहेर'. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. कादंबरी पहिल्या दिवशी बालवाडीत जाताना अशीच मागे बघत होती... मी चष्मा पुसला, जवळ गेलो आणि बघतो तर काय, गंज! वरपासून खालपर्यंत नुसता गंज.

आता तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत? एवढं देखणं काम, आणि पोराने गंज रोखणाऱ्या रेड ऑक्साइडचा एक हातसुद्धा मारलेला नाही. विसरला असेल, घाईत राहिलं असेल. तासाभरात पाहुणे येणार, बघणार, हसणार, आणि म्हणणार काय, तर दिगंबरपंतांचा जावई गंजकं लोखंड विकतो. म्हटलं, चांगलं वागायची वेळ हीच. तोंडाने कौतुक कोणीही करतं, आमच्या टूलरूममध्ये करून दाखवायची पद्धत होती. माझ्या पिशवीत पॉलिश पेपर असतोच, चष्म्याच्या घरात घडी करून. पद्मजा म्हणाली, "अहो, हात लावू नका." वॉचमन नेमका चहाला गेलेला. मग काय, आधी जाड पेपर, मग बारीक, एकदा आडवा, एकदा उभा, थोडं खोबरेल तेल... तिच्या पर्समध्ये असतं. पाऊण तासात हातभर जागा अशी चकचकीत केली की पद्मजाने त्यात बघून गजरा सारखा केला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काका... हे काय केलंत?"

आमोद. शेजारी कादंबरी, तिचा चेहरा पांढराफटक. मी आपला उत्साहात, "घाबरू नकोस, दुपारपर्यंत खालचं सगळं काढून देतो." तो म्हणाला, "काका, हा गंज मी दोन वर्षं वाढवलाय. रोज मीठ-पाणी मारून." मी म्हटलं, "वाढवलायस?" तर शांतपणे म्हणतो, "तुम्ही विचारलं होतंत ना, काम काय करता? हेच करतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला. कादंबरीच्या डोळ्यांत पाणी. मी हात जोडले, म्हटलं, "चुकलो बाबा. मला वाटलं, लोक तुला हसतील." तर हा पोरगा त्या चकचकीत जागेवरून अंगठा फिरवत उभा. म्हणाला, "हे हाताने केलंत? मशीन नाही?" मी म्हटलं, "मशीन कशाला लागतं?" मग हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाला, "ठीक आहे, तुम्हीच काढलात, तुम्हीच परत आणून द्या." आणि कादंबरीने डोळे पुसत लगेच अट घातली, "गंज पूर्ववत झाला की साखरपुडा. त्याआधी नाही."

उद्घाटन त्या चकचकीत जागेसकटच उरकलं, आणि तेव्हापासून एक दिवसाआड मी बसने त्या माळावर जातो. आयुष्यभर गंज दिसला की हाताखालच्या पोरांना फैलावर घेणारा मी, हातात फवारणीचा पंप घेऊन लोखंडाला मीठ-पाणी पाजतो. आमोद येतो, आमच्या थर्मासमधला चहा घेतो, गप्पा होतात. दीड महिना झाला. परवा गंज पुरा झाला, अगदी एकसारखा, कुठे डाग नाही, ओघळ नाही. मी म्हटलं, बघ, आणि तारीख काढ.

त्याने डोळे बारीक करून बघितलं, मान हलवली आणि म्हणाला, "काका, फार व्यवस्थित आलाय. नैसर्गिक वाटत नाही."

चौतीस वर्षांत मी घडवलेला एक जॉब रिजेक्ट झाला नव्हता हो... कालच सगळा घासून काढला, आता उद्यापासून जरा वाईट करायची प्रॅक्टिस करतोय.