पिंडर आजीची घोडी

“जनावर कोंडायचं आणि विसरायचं, एवढंच येतं तुम्हाला!”

यॉर्कशरच्या त्या सरकारी खिडकीवर मॉडने मूठ आपटली. मोकाट सापडलेली तिची घोडी कालपासून कोंडवाड्यात होती आणि म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

“नाव सांगा, आजी.”

“मॉड पिंडर.”

रांगेतून कुणीतरी खिदळलं. “पिंडर म्हणजे जुन्या काळचा कोंडवाडेवाला! आजी, धंदा तर तुमच्याच घरचा की!”

“हो, घरचाच! माझा पणजा गावची गुरं कोंडायचा. पण त्यांना पाणी पाजल्याशिवाय स्वतः घोटभर प्यायचा नाही, मेल्या!”

“अर्ज ठेवून जा. उद्या बघू.” कारकुनाने चहाचा घोट घेतला.

“कालपासून तिला पाणी कुणी पाजलं? आता तुम्ही नाव सांगा!”