अंबूबाईंचा हर्निया

(मारतहळ्ळी. दुपार. अंबूबाईंच्या ऑपरेशनला पाच आठवडे झालेत. सून शाल्मलीच्या हातात हॉस्पिटलचा रिपोर्ट.)

अंबूबाई: म्हणजे पिशवी काढली, बरणीत घातली, आणि आता मागाहून तिची पत्रिका बघतायत?

शाल्मली: तसंच म्हणा, आई. पूर्वी गाठ नुसती सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. आता पेशीतली जनुकं आणि प्रथिनंही तपासतात. गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचे त्यावरून चार गट केलेत.

अंबूबाई: अय्यो! नुसतं रूप बघून भागत नाही म्हण की.

शाल्मली: अजिबात नाही. एखादी गाठ दिसायला भयंकर, पण स्वभावाने गरीब. एखादी दिसायला साधी आणि महाछळकुटी.

अंबूबाई: माझ्या नणंदेसारखी. माझी कुठली?

शाल्मली: मधल्या गटातली. लवकर सापडली, सगळी निघाली. केमो नको म्हणाले. फक्त तपासणीला जात राहायचं.

अंबूबाई: सरी, ठीक! मग संपलं! कॉफी टाक स्वल्प.

शाल्मली: संपलं नाही. पेशी आपली नक्कल काढते तेव्हा चुका होतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिनं असतात. तुमच्या गाठीत त्यातली दोन सापडलीच नाहीत.

अंबूबाई: रफूवालाच पळाला! चिकपेटच्या आपल्या दुकानात देवाप्पा गावी गेला की हेच व्हायचं. भोकासकट साडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात.

शाल्मली: हसू नका हो. म्हणून तर तुमचं रक्त घेतलं होतं. त्यात निघालं, हा बिघाड तुमच्यात जन्मापासून आहे. आईकडून नाहीतर वडिलांकडून आलाय. तुमची आई कशाने गेली?

अंबूबाई: आतड्यात गाठ होती. बेचाळिसाव्या वर्षी गेली. घरचे म्हणाले, शेजारच्या तानूबाईने करणी केली. त्या बिचारीशी आम्ही जन्मात बोललो नाही गं!

शाल्मली: आतड्याचा आणि गर्भाशयाचा, दोन्ही यातूनच होतात. तुमच्या लेकाची, निहारची तपासणी परवा आहे. आणि धनलक्ष्मी मावशींना आजच सांगायला हवं. सख्ख्या बहिणीतही असण्याची शक्यता निम्मी आहे.

अंबूबाई: धनूला? छे! जगाला मी हर्निया सांगितलाय.

शाल्मली: माहितीये. अख्खं चिकपेट येऊन ‘जड उचलू नका’ सांगून गेलं.

अंबूबाई: मग काय सांगू, खालची भानगड झाली म्हणून? हर्निया कसा सभ्य आजार. पुरुषांनाही होतो.

शाल्मली: खालची भानगड! निहार कुठून आला मग?

अंबूबाई: तो सिझेरियनने आला.

शाल्मली: आई! फोन करा.

अंबूबाई: आठ वर्षं झाली तिने माझ्याशी बोलणं टाकून. तिच्या मुलीच्या, प्रांजलीच्या लग्नात विहिणीला मी एवढंच म्हणाले, की पोरगी गोरी नाही, पावडर जास्त झालीय.

शाल्मली: एवढंच!

अंबूबाई: खरं तेच बोलले! आणि आता फोन करून काय सांगू? ‘कशी आहेस? आईने मागे कॅन्सर ठेवलाय, निम्मा तुझा’?

शाल्मली: हेच सांगा. वेळेवर कळलं तर पुढचं टाळता येतं. तुम्ही गप्प बसलात आणि मावशींना काही झालं, तर मला तुमची लाज वाटेल. हो, वाटेल.

अंबूबाई: काय बाई ही पुण्याची जीभ! अगं, मला भीती वाटते. तिने फोन आपटला तर?

शाल्मली: तर पुन्हा लावू.

अंबूबाई: लाव मग. स्पीकरवर टाक, मध्ये तूही बोल.

धनलक्ष्मी: हॅलो? कोण?

अंबूबाई: मी.

धनलक्ष्मी: मी कोण?

अंबूबाई: अक्का.

धनलक्ष्मी: हं. हर्निया झाला म्हणे तुला. तुमच्या दुकानातला परसू सांगत होता.

अंबूबाई: हर्निया नव्हे, धनू. थाप मारली मी. गर्भपिशवीचा कॅन्सर होता. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, आणि पुन्हा रक्त जायला लागलं. शरमेने चार महिने गप्प बसले. जळो ती शरम! आता काढलाय, मी ठणठणीत आहे. पण तो बहुतेक आईकडून आलाय. तू रक्त तपासून घे. तुझ्यात निघालं तर प्रांजलीचंही बघावं लागेल. शिव्या काय घालायच्या त्या नंतर घाल.

शाल्मली: मावशी, मी शाल्मली. घाबरू नका, कुठे जायचं ते सगळं मी सांगते.

अंबूबाई: धनू? ठेवलास का?

धनलक्ष्मी: नाही.

अंबूबाई: मग? तपासशील ना रक्त?

धनलक्ष्मी: मलाही गणपतीपासून रक्त जातंय, अक्का.

अंबूबाई: अगं मग कुणाला सांगायचं नाही का?

धनलक्ष्मी: कुणाला सांगू? तुझ्याशी तर भांडण होतं.