काझ ड्रोझ्डची मोडलेली फ्रेम

(मिलवॉकीच्या दक्षिण भागातलं ड्रोझ्ड सायकल दुकान. जूनमधला शुक्रवार, दुपारचे तीन. मालक काझ, वय बहात्तर. गल्ल्यावर त्याची बायको लोरेन. आणि विशीतली हॅटी, जिने चादरीत गुंडाळलेली एक फ्रेम नुकतीच बाकावर ठेवली आहे.)

हॅटी : …आणि शर्यतीची नोंदणी पाचला बंद होते! दोनच तास आहेत. पटकन बघून सांगा ना, मिस्टर ड्रोझ्ड!

काझ : मिस्टर-बिस्टर राहू दे, अख्खी गल्ली मला काझ म्हणते. आणि पटकन कसं? फ्रेमला आधी उचलायचं, मग वाजवायचं, मग तिच्या पोटाखालून हात फिरवायचा. लोरेन, चमचा!

लोरेन : कुठला?

काझ : सुपाचा. तुझ्या आईचा.

लोरेन : तिचा चमचा सायकली बडवून बडवून पार चपटा केलास. घे.

काझ : ऐक आता, पोरी. टण्ण! ऐकलंस? पोलाद मेलेलं असलं की भोपळ्यावर थाप मारल्यासारखं वाजतं. ही तर गातेय! पण हा रंग कुठल्या गाढवाने दिला?

हॅटी : माझ्या आजोबांनी. गॅरेजच्या दाराचा उरलेला. तळघरात बॉयलरच्या मागे होती, मला मागच्या आठवड्यात सापडली. मी म्हटलं, मला द्या, रविवारी ट्रॅकवर चालवते. तर आधी ती चादरीत नीट गुंडाळली. मग म्हणाले, घेऊन जा ड्रोझ्डकडे.

लोरेन : कोण गं तुझे आजोबा?

हॅटी : नाव सांगायचं नाही, अशी ताकीद आहे. फ्रेम बघून होईपर्यंत. म्हणाले, ‘काझ ड्रोझ्ड चांगली म्हणाला तर चालव. तडा आहे म्हणाला तर तिथेच करवतीने काप आणि भंगारात टाक. तो म्हणेल ते खरं.’

काझ : बघ, लोरेन! कुणाच्या शब्दाला किती मान आहे ते बघ!

लोरेन : बघतेय. चादरपण बघतेय. निळ्या फुलांची.

काझ : चादर काय बघतेस, पुढच्या चाकाचा चिमटा बघ! ब्रेकला भोक नाही! आणि इकडे मागे ये, पोरी. चाक बसायच्या या खाचा कुठल्या बाजूला उघडतात?

हॅटी : मागच्या!

काझ : मागच्या! रस्त्याची सायकल कापून-घासून केलेली नव्हे. जन्मापासून ट्रॅकची! फ्रीव्हील नसलेली सायकल चालवलीयस का कधी?

हॅटी : रोज! पण ती बाजारातली तयार आहे. ओंडक्यासारखी जड.

काझ : मग पहिला नियम सांग.

हॅटी : पाय थांबवायचे नाहीत.

काझ : कधीच नाहीत! चाक फिरतंय तोवर पाय फिरणार. थांबवलेस, की खेचरासारखी उचलून फेकते. लक्षात ठेव.

लोरेन : हो, हे याच्याकडूनच शीक.

काझ : तू फ्रिजवरची गाय आण.

हॅटी : गाय?

काझ : लोहचुंबक. गाईच्या आकाराचा, म्हणून गाय. पोचा पडला की लबाड लोक त्यात लांबी, म्हणजे पुट्टी भरतात आणि वर रंग मारतात. लांबीवर गाय चिकटत नाही. हां, फिरव. वरची नळी… खालची… सगळीकडे चिकटतेय! आता तिथे, पुढच्या सांध्यामागे, खालच्या नळीच्या पोटाला बोट लाव. डोळे मीट. कुठे फुगवटा, सुरकुती?

हॅटी : काहीच नाही. गुळगुळीत. का?

काझ : समोरून धडक बसलेली फ्रेम तिथे दुमडते. माझी तिथेच मोडली. तो भिंतीवरचा फोटो बघ.

हॅटी : हे तुम्ही? एवढं प्लास्टर?

लोरेन : झालं. आता गाई येतील.

काझ : पंचाहत्तर साल! तळ्याकाठचा सिमेंटचा ट्रॅक, पन्नास फेऱ्यांची शर्यत. मी सगळ्यांच्या पुढे. इतका पुढे, की मागच्यांना मी पुढच्या शर्यतीतला वाटलो. आणि तेवढ्यात फ्रेम मोडली. कडाड! दोन तुकडे! आवाज तळं ओलांडून पलीकडे मिशिगन राज्यापर्यंत गेला. तिकडच्या गाईंनी तीन दिवस दूध दिलं नाही.

लोरेन : एक दिवस.

काझ : तीन. दोन दिवसांचं नंतर कळलं. पुढचा तुकडा तळ्यात पडला, तो एका कोळ्याला सहा वर्षांनी माशाच्या पोटात सापडला. लोक ढसाढसा रडले. ग्रूबर खाटकाने तर दवाखान्यात सबंध हॅम आणून दिलं, डुकराची अख्खी तंगडी. निव्वळ हळहळ वाटली म्हणून!

हॅटी : बापरे! आणि फ्रेम कुणी बनवली होती?

काझ : होता एक दोस्त. हात चांगला होता. एखादा जोड कच्चा राहिला असेल, चालायचंच. दोरा धर! मागच्या खाचेतून पुढच्या सांध्याला वळसा, तिथून परत दुसऱ्या खाचेत. ताण. आता मधल्या उभ्या नळीपासून दोरा किती लांब? डावीकडे?

हॅटी : एकोणतीस मिलिमीटर.

काझ : उजवीकडे?

हॅटी : एकोण… एकोणतीस!

काझ : परत मोज!

हॅटी : एकोणतीस! दोन्हीकडे एकोणतीस!

काझ : केसाचा फरक नाही! लोरेन, अगं, कारखान्यातल्या नव्या फ्रेमा इतक्या सरळ नसतात. कोण होता हा माणूस? त्याच्या हातांना सोन्याचे मोजे घालायला हवेत! खरवड, तो सांध्यावरचा रंग खरवड. कुठे ना कुठे खूण केली असेल.

हॅटी : खरवडतेय… आहे! काहीतरी कोरलंय! इवलासा… मासा आहे! मासा! किती गोड! काझ, बघा ना. काझ?

लोरेन : काझ.

काझ : तडा आहे.

हॅटी : काय?

काझ : खालच्या नळीला. दिसतोय मला. जीव जाईल तुझा. ती करवत घे, काप आणि टाक.

हॅटी : पण तुम्ही आत्ताच म्हणालात, गातेय! सोन्याचे मोजे!

काझ : तो म्हणेल ते खरं, असंच सांगितलंय ना तुझ्या आजोबांनी? मग? तडा आहे.

लोरेन : चष्मा कपाळावर आहे तुझा.

काझ : मला चष्म्याशिवाय दिसतो.

लोरेन : मला नाही दिसत. पोरी, करवत खाली ठेव. त्या फळीवरचं रॉकेल दे आणि तो खडू.

काझ : लोरेन, दुकान माझं आहे.

लोरेन : खडू माझा आहे. हे बघ, हॅटी. जिथे तडा म्हणतो तिथला रंग काढायचा, रॉकेल चोपडायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडू फासायचा. तडा असला तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं, खडूवर काळी रेघ उठते. नसला तर पांढरं ते पांढरंच. यानेच शिकवलंय मला.

हॅटी : मी पुसते! जोरात पुसू?

लोरेन : पूस. आणि तो मासा ऑर्व्हिल हाउकचा आहे. प्रत्येक फ्रेमवर कोरायचा. दर शुक्रवारी तळलेले मासे खायला आम्ही तिघं एकत्र जायचो ना, म्हणून.

हॅटी : ऑर्व्हिल हाउक? पण तेच तर माझे आजोबा!

काझ : ऑर्व्हिल… आहे?

हॅटी : आहे म्हणजे! ओशकोशला. काल छपरावर चढून पन्हाळ साफ करत होते. पण फ्रेमवर कोरायचे म्हणजे? आजोबा सायकली बनवायचे? ते तर बोटींच्या इंजिनांच्या कारखान्यात होते, एकतीस वर्षं!

लोरेन : त्याच्या आधी. चारपाच जणांनी फ्रेमा सांगितल्या होत्या. काझ पडला आणि ऑर्व्हिलची फ्रेम मोडली अशी बोंब झाली. एकेक जण नको म्हणून सांगून गेला. ऑर्व्हिलने नळ्या जोडायची गॅसची बत्ती विकली, गाव सोडलं.

हॅटी : थांबा थांबा. मोडलेली ती… ही? दोन तुकडे झालेली?

लोरेन : तूच मोज तुकडे.

हॅटी : एक. एकच आहे! आणि खडू बघा! पांढरा! अजून पांढराच! काळं काही नाही, ठिपकासुद्धा नाही! काझ, मग मोडलं काय होतं?

काझ : हाड. गळ्याजवळचं. माझं.

हॅटी : आणि फ्रेम?

काझ : फ्रेमला काही झालं नव्हतं. चार पावलांवर पडली होती, चाक फिरत होतं अजून.

हॅटी : मग पडलात कसे?

काझ : शेवटच्या फेरीला घंटा वाजते, ठाऊक आहे ना? वाजली. मी जीव तोडून निघालो. सगळ्यांना मागे टाकलं, रेघ ओलांडली, पहिला! लोरेन पहिल्या रांगेत होती. मी दोन्ही हात वर केले, असे. आणि…

हॅटी : नाही! पाय थांबवलेत?

काझ : थांबवले. खेचराने उडवलं.

हॅटी : पण रेघ तर ओलांडली होती! म्हणजे जिंकलात ना!

लोरेन : ती घंटा हॅमची होती.

हॅटी : हॅमची?

लोरेन : ग्रूबर खाटकाने मध्येच बक्षीस लावलं होतं. घंटा वाजल्यावर जो ती फेरी पहिला येईल, त्याला हॅम. भोंग्यावरून चारदा सांगितलं. शर्यतीच्या अजून अकरा फेऱ्या बाकी होत्या.

हॅटी : म्हणजे ते हॅम हळहळ वाटली म्हणून नव्हतं! तुम्ही जिंकलं होतं!

काझ : आयुष्यात जिंकलेली एकमेव गोष्ट. आणि कुणाला सांगता आली नाही. हसू नकोस.

हॅटी : हसत नाहीये! म्हणजे हसतेय, पण… आजोबांचं नाव का घेतलंत?

काझ : घेतलं नाही गं. लोक धावत आले, काय झालं, काय झालं. तोंडातून गेलं, फ्रेम मोडली. ऑर्व्हिल तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग आमची फिरायला न्यायची चादर घेतली, सायकलवर टाकली आणि ट्रकमध्ये चढवून घेऊन गेला. कुणाला बघू दिली नाही. म्हटलं, उद्या खरं सांगतो. उद्या प्लास्टर होतं. परवा हॅम आलं. मग त्या गाई आल्या.

हॅटी : त्यांनी एकदा चादर उचलली असती तरी…

लोरेन : तर याचं तोंड काळं झालं असतं. नाही उचलली. रंग मारून टाकला वरून.

काझ : तुला माहीत होतं?

लोरेन : हात मला केले होतेस ना तू? मी तुझ्या पायांकडे बघत होते.

काझ : पन्नास वर्षं काही बोलली नाहीस.

लोरेन : दर खेपेला गाईंचा दिवस कमी करत आले. म्हटलं, कधीतरी शून्यावर येशील. तेवढ्यावर भागवलं, ही माझी चूक.

हॅटी : साडेचार! साडेचार वाजले! काझ, मी तुमच्यावर ओरडू की रडू, मला कळत नाहीये, पण मला उत्तर हवंय. आणि मला नाही, त्यांना हवंय. आता कळलं मला, त्यांनी मला इकडे का पाठवलं. कापू की चालवू?

काझ : नंबर लाव.

हॅटी : आजोबांचा? आत्ता?

काझ : लाव, नाहीतर हा म्हातारा पुन्हा गाई सोडेल. दे इकडे… हॅलो. ऑर्व्हिल?… काझ… हो, तोच… बघितली. चमचा वाजवला, गाय फिरवली, दोरा लावला. एकोणतीस. दोन्हीकडे… नाही. तडा नाही. लोरेनने खडूसुद्धा फासला… ऐक ना. तेव्हाही नव्हता. हे मी… हां. हां… लोरेन उभी आहे, पोरगी उभी आहे, दोघींसमोर बोलतोय. उद्या ट्रॅकवर भोंग्यावरून बोलायला लावलंस तरी बोलेन… बरं. रविवारीच बोलतो मग… काय?… खारट. फार खारट होतं, ऑर्व्हिल… ठेवतो.

हॅटी : काय म्हणाले? काय म्हणाले?

काझ : चाकं कुठायत तुझी?

हॅटी : गाडीत! म्हणजे चालवू? चालवू ना?

काझ : चालव! आण चाकं, पळ! लोरेन, नोंदणीवाल्यांना फोन कर, नाव लिहा म्हणावं, सायकल हाउकने बनवलेली. आणि रविवारी तो येतोय. फेऱ्या तो मोजणार म्हणतो, माझ्या मोजण्यावर त्याचा भरवसा नाही.

लोरेन : आणि ते शेवटी खारट काय?

काझ : हॅम कसं होतं, विचारत होता.