पाच घरांची झोळी

शकुबाई : निम्मी अंबील तशीच उरली की हो, पाटलीणबाई! मारुतीच्या पारावर हंडा मांडून मी, शिवगंगा आन् चन्नव्वा, आमी तिघी सकाळधरनं बसलो. आलं कोण? दोन वाटसरू आन् चन्नव्वाचं कुत्रं.

सत्यभामाबाई : मग गावात भूक न्हाई म्हणायची. मी जवारी दिली, तुम्ही राबलात. आणखी काय करायचं?

शकुबाई : भूक न्हाई कशी? पाऊस दगा दिऊन गेला, उरलीसुरली जवारी निजाम सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेली. माझ्या शेजारची सुभद्राक्का रोज पहाटं जातं फिरवतीय, ते रिकामंच!

सत्यभामाबाई : तुला भिंतीपल्याडचं दिसतंय व्हय?

शकुबाई : ऐकायला येतंय की. दाणं असले की जातं घुमतंय. रिकामं असलं की नुसता दगडावर दगड खरखरतोय. गावाला वाटावं घरात दळण हाय, म्हून फिरवायलीय ती. दोन नाती हायेत पदरात. थोरलीला काल दाराची पायरी चढवंना.

सत्यभामाबाई : अगं, मग पारावर कामून आली न्हाई?

शकुबाई : चार जणांदेखत वाटी घिऊन? एके काळी खळ्यावर बसून सुपानं जवारी वाटलेली बाई हाय ती. घरी नेऊन दिली तर म्हणती, आमची जेवणं झाली. चूक आपलीच हो. हंडा मांडला, पर तिथवर यायची वाट न्हाई काढली. ती वाट मला आज सापडली! गाणगापूर!

सत्यभामाबाई : तिला गाणगापूरला धाडतीस?

शकुबाई : गाणगापूरच हिकडं आणायचं! तिथं दुपारी माधुकरी मागत्यात न्हाई का? सावकार बी मागतोय, भिकारी बी मागतोय. दत्तमहाराज कुणाच्या तरी रूपात सोता हिंडत्यात, म्हून कोण कुणाला इचारत न्हाई, तू कामून मागायलास. लगीन झाल्यावर तुमी बी तिथं पाच घरं मागितली, आन् वर्षभर गावाला सांगत फिरलात!

सत्यभामाबाई : ते क्षेत्र हाय. तिथली गोष्ट येगळी.

शकुबाई : मंग दत्तमहाराज काय गाणगापूरच्या शिवंवर थांबत्यात व्हय?

सत्यभामाबाई : लई बोलायलीस, शकू.

शकुबाई : बोलू द्या हो, राहवंना मला! गुरवारपासनं रोज दुपारी समद्या गावानं मागायचं. पाच घरं. ज्याच्यात जे आसंल ते त्यानं घालायचं, जवारी, भाकरी, काय बी. झोळ्या समद्या एकाच कापडाच्या. शिवगंगा आन् चन्नव्वा शिवायल्यात, बावीस झाल्या बी! कुणाची नवसाची, कुणाची भुकंची, वळखायलाच नको.

सत्यभामाबाई : लोक निघतील?

शकुबाई : निघतील की. पैली झोळी तुमी धरली तर.

सत्यभामाबाई : मी? पाटलाची बायको गल्लीत हात पसरू? ह्यांना काय सांगू?

शकुबाई : सांगा, महाराजांनी धरली ती झोळी म्या धरली, तर काय गेलं?

सत्यभामाबाई : तुझं बरं गं. तुझं काय जातंय?

शकुबाई : काय बी न्हाई. म्हून तर मी पैली निघून भागत न्हाई.

सत्यभामाबाई : ...आण ती झोळी. शिवण तरी घट्ट हाय का बघू दे.

(गुरुवारी दुपारी, सुभद्राबाईच्या दाराशी.)

सत्यभामाबाई : भिक्षा वाढा, माय!

सुभद्राबाई : कोण? अगं बया! पाटलीणबाई? झोळी घिऊन?

सत्यभामाबाई : पाचवं घर हाय तुमचं. पाय भाजायलेत, लवकर वाढा.

सुभद्राबाई : गरिबाची चेष्टा करायलात?

शकुबाई : न्हाई हो अक्का! गल्लीत बगा तरी! सावकार हणमंतराव मागायलेत, दुकानदार गुरुशांतप्पा मागायलाय. अनसाबाईनं त्याच्या झोळीत दोन कांदे घातले, तर लाजून हसायलाय नुसता!

सुभद्राबाई : दत्ताची माधुकरी? समद्यांनी?

सत्यभामाबाई : समद्यांनी. आन् कुणी कुणाला इचारायचं न्हाई.

सुभद्राबाई : थांबा मंग. माझ्या दारातनं तशाच जाऊ नगा.

शकुबाई : पाटलीणबाई, आत काय बी न्हाई हो तिच्या. कशाला थांबायलात?

सत्यभामाबाई : गप. ती आत गेलीय न्हवं, येऊ दे.

सुभद्राबाई : घ्या. मीठ हाय. मीठ हातावर देत न्हाईत, झोळी पसरा.

सत्यभामाबाई : लई मोठी भिक्षा झाली, अक्का. चार घरं फिरले, मीठ कुणीच घातलं नव्हतं.

शकुबाई : आन् ही तुमची झोळी, अक्का! ह्या दोन पोरींच्या. पैलं घर पाटलांचं घ्या, तिथं सूप भरून ठिवलंय!

सुभद्राबाई : शकू.

शकुबाई : काय, अक्का?

सुभद्राबाई : पहाटं भिंतीपल्याड तू जागी असतीस. ठावं हाय मला.

शकुबाई : अक्का, म्या काय मुद्दाम...

सुभद्राबाई : उद्या बी ऐक, जातं कसं घुमतंय ते.