एकतीस तारखेपर्यंत चार डिग्री

हॅलो? … हॅलो, कोण? … चिमे, तू होय. बोल. … नाही, ओरडत नाहीये. अजून सुरुवातही केली नाहीये मी.

… आहे. जिवंत आहे ती बाळंतीण. … हो, शुद्धीवर आहे, आत्ताच पाणी मागितलं. … थांब, फोन खांद्याला धरते, उजव्या हाताची बोटं वळत नाहीयेत. … का म्हणजे? पंचवीस मिनिटं मूठ आत घालून तिचं गर्भाशय दाबून धरलं होतं मी! दुसरा हात वरून पोटावर. सोडला असता तर गेली असती बाई.

… अगं, तेच सांगतेय, मध्ये बोलू नकोस. साडेदहाला बाळ झालं. मुलगी. खणखणीत रडली. लगेच रक्त थांबवायचं इंजेक्शन दिलं, नेहमीसारखं. मग पोटावर हात ठेवला की गर्भाशय आवळून चेंडूसारखं घट्ट लागायला हवं ना? लागतंय कुठलं! नुसती भिजवलेली कणीक. दुसरं दिलं. ढिम्म. सलाईनमधून आणखी सोडलं. … चादर भिजली, गादी भिजली, माझ्या चपलांत रक्त आलं, चिमे.

… अशक्त होती? कोण म्हणालं? शाळेत खेळाची बाई आहे ती! तुला नि मला मैदानाभोवती दहा फेऱ्या मारायला लावेल.

… हो, हो… ऐक ना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन थिएटरच्या फ्रिजमधलं आणा. वॉर्डातली मावशी धावली. गुडघे धरून चालणारी बाई, दोन जिने उतरून चढून आली. तेच औषध, तोच डोस. आणि पाच मिनिटांत पोट दगड! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तशीच खाली अंगणातल्या तुझ्या औषधांच्या स्टोअरमध्ये आले. तू जेवायला गेली होतीस.

… हो, पाहिलं. फ्रिजची पिन काढून टेबलफॅन लावलायस. … उकडत होतं? त्या औषधाला नाही उकडत? वर पत्रा तापलेला, खाली बंद फ्रिज! त्यातला दमच जातो गं उन्हाळ्यात. आणि दिसतं पाण्यासारखं. चांगलं असलं तरी पाणी, बिघडलं तरी पाणी. म्हणून तर तो तापमानाचा तक्ता लावलाय दारावर.

… कधीपासून? … खरं सांग. … किती?

… अडीच महिने.

… गेल्या महिन्यात त्या दोघींना रक्त चढवावं लागलं, आठवतंय? मी आपली म्हणत होते, एकेकीचं नशीब. नशीब कसलं डोंबलाचं! तुझा पंखा होता तो!

… काय? … परत बोल. … ‘रिपोर्टात पेशंटचं गर्भाशयच सैल होतं असं लिही’? माझ्या हाताने? … आणि तक्ता नवा करतेस? नको करूस, जुना माझ्या खिशात आहे. आज तारीख किती? एकोणीस. तू एकतीसपर्यंत चार डिग्री लिहून ठेवलंयस! पुढच्या रविवारचं तापमान तुला आज कळलं होय गं?

… आईला मध्ये आणू नकोस. … नाही, लहान बहीण म्हणूनसुद्धा नाही.

… नाव? लिहिणार. तुझं लिहिणार. … अगं, ऐक तरी! त्याच तक्त्यावर खाली सही कोणाची आहे? दर शनिवारी? … माझी. चहा पिता पिता केलेली. एकदा उठून तो फ्रिज उघडला नाही मी. तेही लिहिणार. … काय होईल ते होईल. दोघींचं होईल.

… आणि हे सांग, फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा कसा? त्या इंजेक्शनचे डबे कुठे गेले? … पाठवले? कुठे? … सकाळच्या गाडीने? नदीपलीकडच्या आरोग्य केंद्रात? … चिमे! तिथे एकटी सिस्टर असते. ना डॉक्टर, ना थिएटर, ना दुसरा फ्रिज. तिने काय पळत जाऊन आणायचं आणि कुठून? … किती बाटल्या? … चाळीस.

… रडू नकोस. गप. आधी ऐक. थिएटरमधून चांगल्या बाटल्या घे, बर्फाच्या डब्यात ठेव आणि ड्रायव्हरला म्हणावं असशील तिथून मागे फिर आणि हा डबा तिकडे घेऊन जा. … जेवतोय तर हात धुवायला सांग! मी त्या सिस्टरला फोन करते, म्हणजे ती त्या बाटल्यांच्या भरवशावर राहणार नाही. नंबर दे. … सावकाश, डाव्या हाताने लिहितेय. … हं… चार… सात… पुढे? … परत सांग. … हं. झालं.

… काय? … हो, रागावलेय. खूप रागावलेय. त्याचं आपण संध्याकाळी बघू, घरी. … नाही, आत्ता काही बोलू नकोस. … चिमे, फोन ठेव. तिकडे कुणीतरी कळा देत असेल.