व्हिएन्नातलं तळघर

२०२४चा उन्हाळा, वैशाख संपत आलेला. तिकडे युरोपात नोकरीला असलेली लेक मला शनिवार-रविवार व्हिएन्ना दाखवायला घेऊन गेली. काय पाहिलं विचारता, तर ऐका.

एका जुन्या चर्चच्या तळघरात उतरलो. भिंतीला सरपण रचल्यासारखं दिसलं. जवळ जाऊन बघतो, तर माणसांची हाडं! वर कवट्यांची रांग.

"शरणे, ह्यांना कुणी माती दिली न्हाई?" मी लेकीला विचारलं.

"दिली व्हती, अप्पा. जागा पुरंना म्हणून उकरून रचली. घाबरलाव का?"

"घाबरतंय कोण? चल वर."

मी तिच्याआधी जिना चढलो. आमच्यात मेलेल्याला बसवून पुरतात आणि प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. तीन वर्षांपूर्वी थोरला भाऊ सिद्रामण्णा वारला, तेव्हा बांधाच्या भांडणावरून मी माती द्यायला गेलो नव्हतो. त्याचं घर माझ्या दारासमोर.

"उद्या राजवाडा बघायचाय, अप्पा."

"मला गावाला, खजुरीला धाड."

"विमान आठ दिवसांनी हाय. ही काय आपल्या गावाकडची आळंदची बस हाय का?"

आठ दिवसांनी खजुरीत उतरलो. पिशवी हातात तशीच घेऊन अण्णाच्या समाधीवर गेलो आणि तीन वर्षं राहिलेली मूठभर माती टाकली.