लाल दिवा विझेपर्यंत

...आणि वर मलाच म्हणतात, ‘परत घालायला लावू की हार, काय बिघडलं?’ काय बिघडलं? तुम्हाला सांगतो, अंतरपाट एकदाच बाजूला होतो! ती त्याच्याकडे बघते, तो तिच्याकडे, हार वर जातो... आणि नेमका आमचा कॅमेरा अडकतो. का? तर मेमरी कार्ड अजून मागचेच फोटो लिहीत बसलंय! मग आमचे स्टुडिओमालक, रहाटणीचे दिग्विजयभाऊ ओरडणार, ‘हार काढा, परत घाला, हसा!’ अरे, लग्न आहे का तालीम?

बरं, कार्ड कुठलं? सेकंदाला एकशे सत्तर एमबी! पाकिटावर काय, काहीही छापतील!

मी इंजिनिअर माणूस. पाच कार्डं मांडली. कॅमेरा तोच, समोर छताचा पंखा. बटण दाबून धरायचं, चाळीस फोटो, आणि सगळे फोटो कार्डात उतरून कॅमेऱ्याचा लाल दिवा विझेपर्यंत मोबाइलवर सेकंद मोजायचे. दिग्विजयभाऊ म्हणाले, ‘पंख्याचं लग्न लावतोस काय रे?’ लावतो! एकशे सत्तरवाल्याला किती लागले? एकतीस सेकंद! जिना झाडणाऱ्या शालनबाई डोकावल्या, ‘अजून जळतोयच व्हय दिवा?’ आणि ड्रॉवरमध्ये पडलेलं शंभरवालं? अकरा! कारण तो मोठा आकडा कार्डातून फोटो बाहेर काढायच्या वेगाचा. आत लिहायच्या वेगाचा आकडा कुठे? कुठेच नाही! पाकिटावर काय, काहीही छापतील!

भाऊंना म्हटलं, आपल्या गिऱ्हाईक सुमनताईंच्या लेकीचं, विजयश्रीचं लग्न माझ्यावर सोडा. हार परत घालायला लावला, तर नोकरी सोडतो!

आळंदीचं कार्यालय. कॅमेऱ्यात शंभरवालं कार्ड. अंतरपाट सरकला... खटखटखटखट! थांबलाच नाही राव! हार हवेत, हार फेट्यात अडकलेला, हार गळ्यात, तिच्या डोळ्यांत पाणी... सगळं खरं, सगळं एकदाच! मी मांडवातच ओरडलो, ‘जिंकलो!’ गुरुजी म्हणाले, ‘थांबा, सप्तपदी राहिलीय.’

फोटो दाखवायला पिंपळे सौदागरला गेलो. सुमनताईंनी चष्मा लावला. ‘झकास रे! पण कॅमेऱ्याकडे कुणीच कसं बघत नाही? हार परत घालायला नाही लावलास?’

रविवारी त्यांच्या सोसायटीची गच्ची. तोच शालू, तोच फेटा, नवे हार. आणि मीच म्हणतोय, ‘हार काढा... परत घाला... हसा.’ एकच फोटो. कॅमेऱ्यात कार्ड कुठलं होतं? एकशे सत्तरवालं! एका फोटोला पुरलं की. अल्बमच्या कव्हरवर तोच छापलाय. कव्हरवर काय, काहीही छापतील!

शब्द म्हणजे शब्द. राजीनामा नेऊन दिला. दिग्विजयभाऊंनी वाचला, घडी घातली, माझ्याच खिशात कोंबला.

‘परत घे,’ म्हणाले, ‘आणि हस!’